भर पावसात वायपर बंद पडला? मोटर बदलण्याआधी हे क्रमाने तपासा

पावसाळा सुरू झाला की गॅरेजसमोर वायपर बंद पडलेल्या गाड्या दिसू लागतात. वर्षातले आठ महिने वायपरकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. उन्हात रबर कडक होतं, काचेखालच्या जाळीत पाला साठतो, उंदीर वायरी कुरतडतात. मग पहिल्याच मोठ्या पावसात बटण दाबावं तर वायपर जागचा हलत नाही.

वायपर थांबला की "मोटर गेली" असं पटकन बोललं जातं. मोटर बदलायची म्हटलं तर खर्च हजारांत जातो. मात्र वायपर बंद पडण्यामागे उडालेला फ्युज, ढिला झालेला नट, निसटलेला बुश किंवा गंजलेली अर्थची वायर अशी साधी कारणंही असतात. यातली बरीचशी तपासणी घरच्या घरी, एक पाना आणि एक पक्कड हाताशी असली तरी होते. ती क्रमाने कशी करायची, कुठं थांबायचं आणि गॅरेजमध्ये काय सांगायचं, याची ही सविस्तर माहिती.

रस्त्यातच बंद पडला तर आधी काय करावे?

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १६ ते १७ मीटर अंतर कापते. जोराच्या सरीत काच फक्त तीन सेकंद दिसेनाशी झाली, तरी गाडी तेवढ्यात ५० मीटर पुढे गेलेली असते. म्हणून "थोडंच अंतर राहिलंय, जाऊ तसंच" हा विचार करू नये. पहाटे दूध घेऊन निघालेली पिकअप असो की पेशंटला घेऊन निघालेली गाडी, दहा मिनिटं उशीर झालेला चालतो.

- एकदम ब्रेक मारू नका. वेग हळूहळू कमी करा, डावा इंडिकेटर द्या, हेडलाइट लो बीमवर ठेवा.
- गाडी रस्ता सोडून डावीकडे पक्क्या जागेवर घ्या आणि चारी इंडिकेटर चालू करा.
- घाटात वळणावर, दरडीखाली किंवा ओढ्याच्या फरशीवर थांबू नका. पसरणी, कुंभार्ली किंवा आंबेनळीसारख्या घाटात धुकं आणि पाऊस एकत्र असतो. तिथं मागून येणाऱ्याला थांबलेली गाडी उशिरा दिसते.
- वायपरचं बटण बंद करून पुन्हा लावा. लो, हाय आणि थांबून-थांबून चालणारा, असे सगळे टप्पे लावून बघा. लो बंद असला तरी कधी कधी हाय चालू असतो. तेवढ्यावर घर गाठता येतं.
- बिघाड फक्त ड्रायव्हरसमोरच्या ब्लेडच्या रबरात असेल तर शेजारचं ब्लेड काढून तिथं लावा. ते थोडं आखूड असलं तरी चालतं.

काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळण्याचा उपाय अनेक ड्रायव्हर करतात. त्यामुळे पाण्याचे थेंब न राहता काचेवर पातळ थर पसरतो आणि थोडा वेळ बरं दिसतं. पण जोराच्या पावसात तो लगेच धुऊन जातो. समोरच्या गाडीने उडवलेल्या चिखलापुढं तर त्याचा काहीच उपयोग होत नाही. पाऊस ओसरेपर्यंत थांबणं हाच खात्रीचा उपाय.

वायपर चालतो कसा?

हे एकदा समजलं की बिघाड शोधणं सोपं जातं. काचेच्या बुडाशी, बोनेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकची जाळी असते. तिच्याखाली १२ व्होल्टची छोटी मोटर बसवलेली असते. मोटर गोल फिरते, आतला गिअर तिचा वेग कमी करून ताकद वाढवतो. पुढे लोखंडी पट्ट्यांची जोडणी असते, तिला मेकॅनिक लिंकेज म्हणतात. मोटरचं गोल फिरणं या पट्ट्या इकडून तिकडे अशा हालचालीत बदलतात आणि वायपरच्या दांड्या हलतात. पट्ट्यांच्या सांध्यांत प्लॅस्टिकचे बुश असतात.

विजेचा रस्ता साधारण असा: बॅटरी, फ्युज, रिले, स्टेअरिंगजवळचा स्विच, वायर, मोटर आणि शेवटी अर्थ म्हणजे गाडीची बॉडी. म्हणजे बिघाड दोनच ठिकाणी असू शकतो. एकतर वीज मोटरपर्यंत नीट पोहोचत नाही किंवा मोटरची ताकद दांडीपर्यंत पोहोचत नाही. कुठलं ते ओळखायची परीक्षा अगदी सोपी आहे.

पहिली परीक्षा: कान द्या

गाडी सपाट जागी उभी करा आणि हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवून चावी फक्त ऑन करा. काचेवर तांब्याभर पाणी ओता, कारण कोरड्या काचेवर वायपर चालवला तर मोटरवर ताण येतो. एकाला आत बसवून वायपर लावायला सांगा आणि दुसऱ्याने बोनेटच्या मागच्या कडेजवळ कान द्यावा.

१. मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण वायपर हलत नाही: वीज ठीक आहे. बिघाड नट, दांडी किंवा लिंकेजमध्ये.
२. काहीच आवाज नाही: बिघाड बहुधा विजेच्या रस्त्यात. फ्युजपासून सुरुवात करा.
३. मोटर हुं-हुं करते किंवा एक झटका देऊन थांबते: काहीतरी अडकलं आहे. बटण लगेच बंद करा.

महत्त्वाचे: लिंकेजजवळ हात घालण्याआधी चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवा. शक्य असेल तर बॅटरीचं मायनस टर्मिनलही सोडवा. वायपर अचानक सुरू झाला तर पट्ट्यांच्या मध्ये बोट सापडून गंभीर इजा होते. लहान मुलांना गाडीत बसू देऊ नका.

मोटर फिरते, वायपर हलत नाही

आधी दांडीचा नट बघा. दांडीच्या बुडाला प्लॅस्टिकची छोटी टोपी असते. ती नखाने किंवा पेचकसने उचकटली की खाली नट दिसतो. त्याला बहुतेक गाड्यांत १० ते १४ नंबरच्या दरम्यानचा पाना लागतो. नट ढिला असेल तर आतलं दात्यांचं स्पिंडल नुसतंच फिरतं आणि दांडी जागेवर राहते. एकच वायपर चालत असेल आणि दुसरा बंद असेल, तर सर्वांत आधी हाच नट तपासा.

आवळण्याआधी दांडी योग्य जागी आणावी लागते. त्यासाठी मोटर एकदा चालवून बटणानेच बंद करा, म्हणजे स्पिंडल मूळ जागी येऊन थांबेल. मग दांडी काचेच्या खालच्या कडेला तिच्या नेहमीच्या जागी बसवून नट आवळा. चुकीच्या जागी बसवली तर ब्लेड काचेबाहेर जाऊन कडेला आपटतं. नट आवळूनही दांडी घसरत असेल तर दांडीच्या आतले दाते झिजलेत. तेव्हा फक्त दांडी बदलावी, मोटरला हात लावायची गरज नाही.

नट घट्ट असेल तर लिंकेज बघा. त्यासाठी दांड्या आणि जाळी काढावी लागते. दांड्या काढण्याआधी ब्लेड जिथं टेकतं तिथं काचेवर चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे परत बसवताना अंदाज लागतो. जाळीचे क्लिप जुने झाले की मोडतात, ते हळू काढा. आत बघितल्यावर एखादी पट्टी सांध्यातून निसटून लोंबताना दिसेल. बुश शाबूत असेल तर ग्रीस लावून पक्कडने दाबला की तो पुन्हा बसतो. झिजला असेल तर बदलावा. काही गाड्यांना बुश सुटा मिळतो, काहींना पूर्ण लिंकेज घ्यावं लागतं. तार गुंडाळून केलेली जोडणी दुकानातून भाग आणेपर्यंतच ठेवा, कारण ती सुटली तर पट्टी वाकून दुसरं नुकसान होतं.

मोटर हुं करते, पण फिरत नाही

जाळीखाली साठलेला पाला, चिमणीचं घरटं, कडबा-वैरणीचे तुकडे किंवा गंजलेलं स्पिंडल, यांपैकी काहीही मोटर अडवू शकतं. झाडाखाली आणि गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे जास्त होतं.

चावी काढा, जाळीखालचा सगळा कचरा साफ करा. तिथं पाणी वाहून जाण्यासाठी भोकं असतात, ती तुंबली की पाणी साठून मोटरमध्ये शिरतं. भोकं मोकळी झाली का, हे पाणी ओतून बघा. नंतर मोटरकडची पट्टी सोडवून दांडी हाताने हलवा. जड जात असेल तर स्पिंडल गंजलं आहे. त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारा, थोडा वेळ थांबा आणि हाताने मागेपुढे करून मोकळं करा. मोकळं झाल्यावर ग्रीस लावा, कारण नुसता स्प्रे फार दिवस टिकत नाही.

एक लक्षण लक्षात ठेवा. वायपर थोडा वेळ चालतो, बंद पडतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू होतो. अनेक मोटरींमध्ये जास्त तापल्यावर वीज तोडणारी सोय असते, हे तिचं काम असू शकतं. अशा वेळी मोटर तापते का, ते शोधावं. बहुधा स्पिंडल जड झालेलं असतं किंवा रबर काचेला चिकटत असतं.

काहीच आवाज नाही: फ्युजपासून सुरुवात

फ्युजचा डबा स्टेअरिंगखाली किंवा बोनेटमध्ये बॅटरीजवळ असतो. काही गाड्यांत दोन्हीकडे असतो. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तकात नकाशा असतो, त्यात वायपरचा फ्युज शोधा. चावी बंद करून फ्युज सरळ वर ओढा आणि उजेडात धरा. आतली पातळ पट्टी तुटलेली किंवा काळी पडलेली दिसली तर फ्युज उडाला आहे.

फ्युजची ताकद रंगावरून ओळखता येते:
- लाल: १० अँपिअर
- निळा: १५ अँपिअर
- पिवळा: २० अँपिअर
- पांढरा किंवा पारदर्शक: २५ अँपिअर
- हिरवा: ३० अँपिअर

जेवढ्या अँपिअरचा निघाला तेवढ्याचाच बसवा. डब्यात बऱ्याचदा एक-दोन जादा फ्युज ठेवलेले असतात. रस्त्यात अडचण आली तर रेडिओचा किंवा चार्जरचा त्याच अँपिअरचा फ्युज तात्पुरता वापरता येतो. सिगारेटची चांदी, तांब्याची तार किंवा मोठ्या अँपिअरचा फ्युज कधीही लावू नका. जळायचा तो फ्युज जळत नाही आणि त्याऐवजी वायर जळते. गाडीला आग लागायला तेवढं पुरे असतं.

नवा फ्युज लगेच उडाला तर तिसरा बसवू नका. एकतर वायपर कुठंतरी अडकला आहे किंवा वायर सोलून बॉडीला लागली आहे. आधी ते शोधा.

फ्युजनंतर रिले, स्विच आणि वायर

फ्युज चांगला असेल तर रिले बघा. त्याच डब्यात चौकोनी ठोकळ्यासारखे रिले असतात. वायपरच्या रिलेवर जो नंबर आहे, तोच नंबर हॉर्नच्या किंवा दुसऱ्या रिलेवर असेल तर दोन्ही आलटून पालटून बघा. वायपर सुरू झाला तर रिले खराब होता. नंबर जुळत नसेल तर अदलाबदल करू नका.

स्विचचा बिघाड लक्षणांवरून कळतो. बटण वर-खाली हलवलं की वायपर मध्येच सुरू होत असेल, तर आतले पॉइंट झिजलेत किंवा त्यांवर काजळी आली आहे. स्टेअरिंगमध्ये एअरबॅग असलेल्या गाडीत मात्र स्विच घरी उघडू नये, ते काम गॅरेजमध्येच करून घ्यावं.

पुढची पायरी वायर आणि अर्थ. मोटरजवळचा प्लग काढून बघा. पिनांवर हिरवट-पांढरा गंज दिसला तर साफ करा. मोटरच्या ब्रॅकेटजवळ अर्थची वायर जिथं बोल्टने आवळली आहे, तिथला गंज पॉलिश पेपरने घासून बोल्ट पुन्हा घट्ट करा. पाणी लागणाऱ्या जागी अर्थ खराब होणं नवल नाही. उंदरांनी कुरतडलेली वायर तुटक्या सालीवरून ओळखू येते. ती पीळ देऊन नुसती टेप मारू नका, नीट जोडून घ्या.

टेस्ट लॅम्प असेल तर मोटरचा निकाल लगेच लागतो. चावी ऑन, वायपर लोवर ठेवा. लॅम्पची चिमटी चांगल्या अर्थला लावून प्लगच्या वायरींना टोक लावा. बहुतेक जुन्या गाड्यांत लोसाठी एक आणि हायसाठी दुसरी वायर असते. लोवर एकीलाही लॅम्प लागत नसेल तर बिघाड मोटरच्या अलीकडे आहे. वीज येते, अर्थ चांगला आहे आणि तरीही मोटर फिरत नाही, तेव्हाच मोटर खराब समजावी.

वायपर कॉम्प्युटरवरून चालणाऱ्या किंवा पाऊस ओळखून आपोआप सुरू होणाऱ्या नव्या गाड्यांत टेस्ट लॅम्प लावू नका. त्याने महागडा भाग जळू शकतो. अशा गाडीत फ्युज, नट आणि कचरा एवढंच घरी बघावं.

लक्षणावरून कारण ओळखा

- फक्त हाय चालतो, लो बंद: स्विचचा पॉइंट किंवा मोटरमधला लोचा कार्बन.
- फक्त थांबून-थांबून चालणारा टप्पा बंद: रिले किंवा स्विच.
- बटण बंद केलं की वायपर काचेच्या मध्येच थांबतो: मोटरमधला पार्किंग स्विच किंवा त्याची वायर.
- बटण बंद करूनही वायपर चालूच: चिकटलेला रिले किंवा पार्किंग स्विच.
- वायपर मंद, हेडलाइटही मंद: बॅटरी किंवा चार्जिंग तपासा.
- वायपर मंद, बाकी सगळं ठीक: जड स्पिंडल, खराब अर्थ किंवा झिजलेले कार्बन.
- मोटरला पेचकसच्या मुठीने हलकेच ठोकलं की सुरू होते: कार्बन संपत आलेत. पुढच्या खेपेला ती सुरू होईलच याचा भरवसा नाही.

मोटरच खराब निघाली तर

लगेच नवीन घ्यायची घाई नको. काही मोटरी उघडून कार्बन बदलता येतात, गंज साफ करून नवं ग्रीस भरता येतं. तालुक्याच्या ठिकाणी गाड्यांचं वायरिंग करणारे कारागीर हे काम करतात. आतला गिअर झिजला असेल किंवा पाणी शिरून मोटर आतून जळली असेल तर मात्र बदलणंच बरं. जुन्या बाजारातून मोटर घेताना दुकानातच बॅटरी लावून लो आणि हाय दोन्ही बघून घ्या. तुमच्या मोटरचा प्लग आणि ती बसवायची भोकंही जुळवून बघा. नवी किंवा दुरुस्त मोटर बसवल्यावर दांड्या लावण्याआधी ती एकदा चालवून बंद करा, म्हणजे ती मूळ जागी थांबेल.

गॅरेजमध्ये गेल्यावर नुसतं "वायपर बंद आहे" म्हणू नका. "फ्युज चांगला आहे, मोटरचा आवाज येतो, डावा हलतो, उजवा हलत नाही" असं सांगा. काम लवकर होतं आणि न लागणारा भाग बिलात येत नाही. बदललेला जुना भाग मागून घ्या.

पाऊस सुरू होण्याआधी एवढं करा

मे अखेरीस अर्धा तास काढला तर बराच त्रास वाचतो.

- रबर बोटाने तपासा. कडक, चिरलेलं किंवा पट्टे ओढणारं असेल तर बदला. उन्हात उभ्या गाडीचं रबर वर्षभरात निकामी होतं असं धरून चाला.
- ब्लेड घेताना दोन्हींची लांबी मोजून न्या. अनेक गाड्यांत दोन ब्लेडची लांबी वेगळी असते.
- ब्लेड काढल्यावर दांडी उभी सोडू नका. ती सटकून काचेवर आपटली तर काच तडकते. खाली जाडसर फडकं ठेवा.
- वॉशरच्या बाटलीत स्वच्छ पाणी आणि थोडा शाम्पू टाका. पाणी उडत नसेल तर तोटीचं भोक टाचणीने साफ करा.
- काचेवरचा डिझेलचा, तेलाचा थर शाम्पूच्या पाण्याने काढा. भांड्याची पावडर किंवा खरखरीत घासणी लावू नका, ओरखडे पडतात.
- जाळीखालचा पाला काढा, नट आवळून घ्या, दोन जादा फ्युज गाडीत ठेवा.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०१ नुसार समोरची काच असलेल्या चारचाकी वाहनाला चांगला चालणारा, विजेवर किंवा तशा शक्तीवर चालणारा वायपर असणं बंधनकारक आहे. माल आणि प्रवासी वाहनांच्या फिटनेस तपासणीतही वायपर बघितला जातो. त्यामुळे पिकअप, टेम्पो आणि जीपवाल्यांनी फिटनेसची तारीख येण्याची वाट न बघता तो आधीच दुरुस्त करून घ्यावा.

थोडक्यात, क्रम असा ठेवा: आवाज, नट, कचरा, फ्युज, रिले, अर्थ आणि सर्वांत शेवटी मोटर. वायपर चालू होईपर्यंत मात्र पावसात गाडी रस्त्यावर काढू नये.